हा अधिकार कुठल्या कलमानं? : अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्राचा माझा अनुभव

आमचा दहावीचा निकाल १७ जून २०२२ ला लागला आणि पुढच्याच आठवड्यात शिवसेनेचे आमदार सुरतला गेले, तिथनं गुवाहाटीला. म्हणजे मी घरात आर्ट्सला जाते, राज्यशास्त्र घेते म्हणून सांगत होते तेव्हा टीव्हीवर दिवसभर तेच चालू होतं. मामा म्हणाले एवढे मार्क पडलेत तर सायन्स घे ना, आणि राजकारण काय पुस्तकात शिकायची गोष्ट आहे का, ते गावातच शिकायला मिळतं. आबा म्हणाले शिकू दे, एमपीएससीला उपयोगी पडतंय. माझं कारण वेगळंच होतं. आमच्या घरात, कट्ट्यावर, एसटीत सगळ्यांना त्या आमदारांबद्दल मत होतं, कोण गद्दार कोण बरोबर हे प्रत्येकजण छातीठोक सांगत होता, पण एवढे आमदार एकदम बाहेर पडले तर ते आमदार राहतात का, राज्यपालांना नेमकं काय करता येतं, विधानसभेच्या उपाध्यक्षांनी अपात्रतेची नोटीस काढली तर तिचं पुढं काय होतं, हे एकालाही सांगता येत नव्हतं. मला ते समजून घ्यायचं होतं, एवढंच.

बार्शीतल्या एका ज्युनिअर कॉलेजला ॲडमिशन घेतलं. आमचं गाव तिथनं एसटीनं अर्ध्या-पाऊण तासावर. इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असे विषय. वर्गात सत्तर-ऐंशी नावं पण रोज येणारी निम्मीच, कारण आर्ट्सला बसलं नाही तरी चालतं असं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं. पोरं पोलीस भरतीची तयारी करायची, बऱ्याच पोरींची लग्नं ठरत होती. हे मी तक्रार म्हणून नाही सांगत, पण ज्याला हा विषय घ्यायचाय त्याला वर्ग कसा असतो ते माहीत पाहिजे. राज्यशास्त्राचे सर मात्र पाच पोरं असली तरी पूर्ण तास घ्यायचे.

सरांनी पहिल्याच आठवड्यात फळ्यावर तीन प्रश्न लिहिले आणि म्हणाले दोन वर्षं हेच विचारायचं. हा अधिकार कोणाला आहे? कुठल्या कलमानं? आणि त्याला थांबवू शकतं कोण? मी ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतले आणि खरं सांगते, पुढं जे काही शिकले ते सगळं या तीन प्रश्नांना धरूनच शिकले.

अकरावीचं पुस्तक सुरू होतं राज्य या संकल्पनेपासनं. लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राज्याचे हे निकष आले, तिथं चौथ्या जागी दुसऱ्या राज्यांशी संबंध ठेवायची क्षमता असं म्हटलंय. सरांनी विचारलं, मग बार्शी हे राज्य आहे का? सगळे हसले, पण ते सिरियसली विचारत होते. माणसं आहेत, हद्द आहे, नगरपरिषद आहे, मग काय नाही? तासभर चर्चा झाली तेव्हा कुठं सार्वभौमत्व म्हणजे काय हे डोक्यात बसलं, की नगरपरिषदेला जे अधिकार आहेत ते वरच्या कायद्यानं दिलेले आहेत आणि वरचा कायदा ते काढूनही घेऊ शकतो. मग तैवानचा प्रश्न घेतला. तिथं माणसं, भूभाग, सरकार, सैन्य सगळं आहे पण बहुतेक देश त्याला राज्य म्हणून मान्यता देत नाहीत. एका व्याख्येवर दोन तास गेले. पाठ करायला गेलं असतं तर दोन मिनिटं लागली असती.

स्वातंत्र्य आणि हक्क, समता आणि न्याय हे धडे बऱ्याच पोरांना कंटाळवाणे वाटले, मला ते फार आवडले. त्यातला जॉन रॉल्सचा विचार, की आपण कुठल्या घरात, कुठल्या जातीत, श्रीमंत की गरीब, बाई की पुरुष म्हणून जन्माला येणार हे माहीतच नाही असं धरून समाजाचे नियम ठरवायचे, हा मी घरी येऊन आईला सांगितला. आई म्हणाली, तसं धरलं तर मग सगळ्यात आधी पाणी आणायचं काम बायकांनीच करायचं हा नियम कुणीच करणार नाही. मी तेच उदाहरण पेपरात लिहिलं. पुस्तकात ते नव्हतं, सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले आणि वर्गात वाचून दाखवलं.

प्रतिनिधित्वाच्या धड्याला आमच्या भागात जिवंत उदाहरण आहे. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यात, पण लोकसभेला आम्ही उस्मानाबाद मतदारसंघात. लहानपणापासनं मला हे कळायचं नाही की कलेक्टर सोलापूरचे आणि खासदार धाराशिवचे असं का. तर लोकसभेचा मतदारसंघ विधानसभेचे पूर्ण मतदारसंघ जोडून होतो, आपल्याकडं साधारण सहा, आणि त्यात जिल्ह्याची हद्द ओलांडली तरी चालते. आमच्यात औसा लातूर जिल्ह्यातलं, बार्शी सोलापूरमधलं आणि उमरगा, तुळजापूर, उस्मानाबाद, परांडा हे धाराशिव जिल्ह्यातले. तीन जिल्हे, एक खासदार. मग ज्याला जास्त मतं तो निवडून आला या पद्धतीत मतं आणि जागा यांचा मेळ कसा बसत नाही ते सरांनी आकड्यांनी दाखवलं, २०१९ ला भाजपला ३७ टक्क्यांच्या आसपास मतं आणि ३०३ जागा, १९८४ ला काँग्रेसला निम्म्याहून थोडी कमी मतं आणि चारशेच्या वर जागा. सर कायम दोन्ही बाजूंची उदाहरणं द्यायचे. त्यांचं स्वतःचं मत कुणाला जातं हे दोन वर्षांत आम्हाला कळलं नाही, आणि पोरांनी ते काढून घ्यायचा खूप प्रयत्न केला होता.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

शिवसेनेच्या आमदारांचं प्रकरण चालू असताना टीव्हीवर एकच आकडा ऐकू यायचा, ३७. पक्षाचे ५५ आमदार, दोन तृतीयांश म्हणजे ३७, तेवढे झाले की अपात्रता लागत नाही. गावात शेंबड्या पोराला पण हा आकडा पाठ होता. सरांनी वर्गात संविधानाची जाड प्रत आणली आणि पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची उघडून आम्हालाच वाचायला लावली. म्हणाले सातबारा कसा वाचता, आधी नाव, मग क्षेत्र, मग इतर हक्काचा रकाना, तसं एकेक परिच्छेद वाचा, एकही ओळ सोडायची नाही. ही अनुसूची १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं आली. त्यात तिसरा परिच्छेद होता, एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट समजायची आणि त्यांना संरक्षण द्यायचं. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं तो परिच्छेदच काढून टाकला. मग उरला चौथा परिच्छेद, त्यात दोन तृतीयांश आहे, पण ते आहे विलीनीकरणासाठी, म्हणजे मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन होतो आणि दोन तृतीयांश आमदार त्याला संमती देतात तेव्हा. आणि इथं तर कुणी कुठल्या पक्षात विलीन झालंय असं म्हणतच नव्हतं, दोन्ही बाजू म्हणत होत्या आम्हीच शिवसेना. मग ३७ चा आकडा लागू कसा होतो? वर्ग एकदम गप्प झाला. एवढे महिने सगळा महाराष्ट्र जो आकडा बोलत होता तो कुठल्या कलमातला हे आम्ही चार बेंचांवरची पोरं स्वतः वाचून तपासत होतो. मला त्या दिवशी जे वाटलं ते मी शब्दात नाही सांगू शकत पण या विषयावर माझा जीव तिथं जडला.

घरी येऊन पप्पांना सांगितलं तर ते म्हणाले मग एवढे मोठे मोठे वकील काय भांडतायत. तेच तर पुढं बघायचं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगानं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, त्या वेळी सरांनी १९६९ ची काँग्रेसची फूट आणि त्यावरचा १९७१ चा सादिक अली खटला शिकवला, की चिन्ह कुणाचं हे आयोग कशावरनं ठरवतो. अकरावीची परीक्षा झाली आणि ११ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आला. सुट्टी होती तरी आम्ही पाच-सहाजण ग्रुपवर तो बघत होतो. राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलवणं योग्य नव्हतं असं कोर्टानं म्हटलं, पण ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला म्हणून त्यांचं सरकार परत आणता येणार नाही असंही म्हटलं. व्हिप, म्हणजे आमदारांना पक्षाचा आदेश देणारा, तो कोण नेमतो, तर राजकीय पक्ष, विधिमंडळ पक्ष म्हणजे नुसते निवडून आलेले आमदार नाही. आणि अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी घ्यायचा. गावात ज्याला जे पाहिजे ते त्यानं त्यातनं उचललं, एकानं फटाके वाजवले, दुसऱ्यानं पण वाजवले. आमच्या ग्रुपवर मात्र पहिल्यांदा असं झालं की आम्ही कोण जिंकलं यावर न भांडता राज्यपाल, व्हिप, अध्यक्ष असे मुद्दे वेगळे काढले आणि प्रत्येकापुढं सरांचे तीन प्रश्न लावले.

बारावीत असताना २ जुलै २०२३ ला राष्ट्रवादीत तसंच झालं. मग १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी शिवसेनेच्या प्रकरणात निर्णय दिला, खरी शिवसेना शिंदे गटाची धरली आणि दोन्हीकडच्या कुणालाच अपात्र ठरवलं नाही. आमची बोर्डाची परीक्षा महिन्या-सव्वा महिन्यावर आली होती, तरी सरांनी त्यावर तास घेतला. पक्षांतराचा निकाल देणारा अध्यक्ष स्वतः एका पक्षातनं निवडून आलेला असतो, मग हा अधिकार त्याच्याकडं असावा का? १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सुप्रीम कोर्टानं बहुमतानं तो अधिकार वैध धरला पण अध्यक्षांचा निर्णय कोर्ट तपासू शकतं असं सांगितलं. यावर मी माझं मत बनवलंय, की हा अधिकार अध्यक्षांकडनं काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडं द्यावा, आणि ते मत कुठला पक्ष सत्तेत आहे यावर अवलंबून नाही. हे असं मत असणं मला या विषयानं शिकवलं. आधी माझं मत म्हणजे घरात जे बोलायचे तेच होतं.

बारावीचं पुस्तक वेगळ्या धाटणीचं आहे. १९९१ नंतरचं जग, जागतिकीकरण, मानवतावादी प्रश्न, मग समकालीन भारत, सुशासन, भारत आणि जग. सोव्हिएत युनियन फुटलं, युरोपीय संघ झाला, सार्क वगैरे, हे जरा पटापट वाचून होतं आणि नकाशा समोर ठेवला नाही तर काहीच कळत नाही, त्यामुळं ॲटलास घ्याच. जागतिकीकरणाचा धडा मात्र आमच्या रानातनं गेला. ८ डिसेंबर २०२३ पासनं कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. त्या वेळी आमचा कांदा काढणीला आलेला आणि सोलापूर मार्केटला भाव एकदम खाली. पप्पा चिडून म्हणाले, शेती आमची, खर्च आमचा, आणि दिल्लीत एक कागद निघतो आणि सगळं बसतं, असं कसं? मी संविधानाची सातवी अनुसूची काढली, कुठला विषय केंद्राचा आणि कुठला राज्याचा ते तिच्यात असतं. शेती राज्य सूचीत १४ व्या नोंदीला, पण परदेशी व्यापार आणि आयात-निर्यात संघ सूचीत ४१ व्या नोंदीला. म्हणजे पिकवण्यापर्यंत राज्याचा विषय आणि देशाबाहेर विकायचं म्हटलं की केंद्राचा. १९९२ च्या विदेशी व्यापार कायद्यानं केंद्राला निर्यात बंद करता येते, आणि त्यासाठी आधी संसदेत चर्चा व्हावी लागत नाही, अधिसूचना निघाली की झालं. पप्पांचं नुकसान त्यानं भरून निघालं नाही, पण त्यांनी मला त्या रात्री खूप वेळ प्रश्न विचारले, आमदाराकडं जाऊन उपयोग आहे का, मग खासदारानं काय करायचं असतं, तो प्रश्न विचारू शकतो का. एरवी पप्पा माझ्याशी अभ्यासावर दोन वाक्यं बोलायचे.

बोर्डाच्या पेपरबद्दल पण सांगते कारण बऱ्याच जणांना तेच पाहिजे असतं. लेखी ८० आणि अंतर्गत २०. चूक की बरोबर ते सकारण लिहा, सहसंबंध स्पष्ट करा, तुमचे मत नोंदवा असे प्रश्न येतात. डायजेस्टमधली उत्तरं पाठ करून पास आरामात होतं, पण सहसंबंध आणि मत या दोन प्रश्नांना पाठांतर पुरत नाही. सहसंबंध लिहिताना दोन गोष्टींच्या दोन व्याख्या लिहून सोडून देतात पोरं, आणि मधला धागा लिहितच नाहीत, मार्क तर धाग्यालाच असतात. मत लिहिताना एक कलम किंवा एक वर्ष किंवा एक घडलेली गोष्ट आलीच पाहिजे, नाहीतर ते नुसतं वाटणं राहतं. मला ९१ पडले. एनसीईआरटीचं अकरावीचं संविधानावरचं पुस्तक पण वाचा, त्यांच्या साइटवर फुकट आहे, हिंदी-इंग्रजीत आहे पण भाषा सोपी आहे.

२० मार्कांच्या प्रकल्पाला बहुतेकांनी नेटवरनं माहिती काढून चिकटवही केली. मी आमच्या गावची ग्रामसभा घेतली. संविधानाच्या २४३ क कलमात ग्रामसभा आहे, आपल्या राज्यात वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात, आणि गणपूर्तीला गावातले १५ टक्के मतदार किंवा १०० जण यातलं जे कमी असेल तेवढे लागतात. मी ऑक्टोबरच्या सभेला गेले. अठरा पूर्ण नव्हते म्हणून सभासद नव्हते, ग्रामसेवकांना विचारून मागं बसले. माणसं जमली तीसेक, त्यात बायका चार. सभा तहकूब झाली, आणि तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्ती लागत नाही, म्हणजे वीस जणांत पण ठराव होतो. आमच्या गावाचं म्हणून नाही सांगत, मी मैत्रिणींना विचारलं तर बऱ्याच गावांत असंच चालतं. नियमित सभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, आईला तर अशी सभा असते हेच माहीत नव्हतं, आणि ती एवढी वर्षं मतदार आहे.

पुढच्या सभेत लोक रस्त्यावरनं ओरडत होते, पंधराव्या वित्त आयोगाचा एवढा पैसा आलाय तर रस्ता का करत नाही. ग्रामसेवक म्हणाले, ६० टक्के निधी बंधित आहे, तो पाणी आणि स्वच्छतेलाच वापरता येतो, राहिलेल्या ४० टक्क्यांतनं बाकीचं करायचं. कुणाला खरं वाटेना. मी रात्री शोधलं, बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पारावर आबांनीच ते सगळ्यांना सांगितलं, आणि वर म्हणाले, मग ते ४० टक्के कुठं गेले ते विचारा आता. हा प्रश्न आदल्या दिवशी सभेत कुणी विचारलाच नव्हता, कारण सगळे सगळ्याच पैशावर भांडत होते. प्रकल्पात मी हे पूर्ण लिहिलं.

मतदार नोंदणीचं पण तेव्हाच केलं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखांना अठरा पूर्ण आहेत का ते धरतात आणि सतरा पूर्ण झाले की सहा नंबरचा फॉर्म आधीच भरून ठेवता येतो. माझे अठरा फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्ण झाले, १ एप्रिलच्या तारखेत नाव आलं. कांद्याची निर्यातबंदी ४ मेला उठवली, आमच्याकडं मतदान ७ मेला होतं, आणि या दोन तारखांवर गावात काय काय बोलणं झालं ते बार्शीकडच्या माणसाला सांगायला नको.

मला एका गोष्टीचं मनापासनं वाईट वाटतं. दहावीपर्यंत राज्यशास्त्र इतिहासाच्याच पुस्तकात शेवटी असतं, ४० मार्कांच्या पेपरात त्याचा वाटा थोडा, आणि बरेचदा ते धडे जानेवारीत घाईघाईनं उरकतात. त्यानंतर सायन्स-कॉमर्सला गेलेल्या पोरांच्या अभ्यासात हा विषय पुन्हा येतच नाही. माझी सायन्सची मैत्रीण मतदान करून आली आणि मला विचारत होती की आमदार आणि खासदार यातलं आता कोण निवडणार आहे. ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार आहे. तिला कुणी शिकवलंच नाही. अकरावीला सगळ्या शाखांना आठवड्यातनं दोन तास तरी हा विषय ठेवावा असं मला वाटतं, परीक्षा नसली तरी चालेल, पण संविधानाची प्रत पोरांच्या हातात यावी आणि त्यांनी ती स्वतः वाचावी.

मी आता बी.ए. करतीय, राज्यशास्त्र स्पेशल घेऊन. धाकट्या चुलत भावानं अकरावीला हाच विषय घेतलाय आणि माझी जुनी वही त्याच्याकडं आहे. परवा फोन करून विचारत होता, जिल्हा परिषदेवर प्रशासक नेमला तर त्याला थांबवू शकतं कोण. मी त्याला २४३ ङ कलम वाचायला सांगितलंय, पाच वर्षांची मुदत आणि निवडणूक कधी घ्यायची ते त्यात आहे, आणि रविवारी तो घरी येणार आहे तेव्हा आम्ही दोघं पप्पांसमोर बसून त्यावर बोलणार आहोत.